बिनमताचा एप्रिल

आज सकाळपासून गल्ली शांत आहे. आठवडाभर डोक्याशी भुणभुणणारे भोंगे काल संध्याकाळी आठच्या ठोक्याला बंद झाले. मतदानाच्या दिवशी प्रचार करायचा नाही असा इथला नियम आहे, आणि इथे नियम म्हणजे नियम. खाली शाळेच्या कुंपणालगत प्लायवूडचा लांब फलक अजून उभा आहे. आखलेल्या चौकोनांतून उमेदवारांचे चेहरे एका सुरात हसताहेत. फलकाच्या पायाशी साकुराच्या पाकळ्या भिजून तपकिरी झाल्यात. बायका-पुरुष रविवारचे साधे कपडे घालून शाळेच्या जिमखान्याकडे चाललेत, आत जाऊन पेन्सिलीने एक नाव लिहायचं, घडी घालून पेटीत टाकायचं आणि येताना पाव घेऊन घरी यायचं. मी गॅलरीत उभी राहून बघते. जपानमधल्या, हिगाशी-कसाईतल्या या इमारतीत अर्धं आयुष्य गेलं, पण त्या जिमखान्यात या दिवशी मला काम नसतं.

दर चार वर्षांनी येणारा हा एप्रिल मला आवडत नाही. तसं पाहिलं तर हवा किती छान असते! खाडीवरून वारा येतो, त्याला किंचित खारा वास असतो. समोरच्या गॅलऱ्यांमधून गाद्या बडवल्याचे आवाज येतात. पहिलीतली मुलं पाठीपेक्षा मोठी दप्तरं घेऊन धडपडत शाळेत जातात. भाजीच्या दुकानात बांबूचे कोंब येतात, ओल्या मातीसकट. मग कुठूनतरी लांबून प्रचाराच्या गाडीतला तो गोड बायकी आवाज ऐकू येतो, एकच नाव पुन्हा पुन्हा घेणारा, आणि मी गॅलरीचं दार लावून घेते. इतकी वर्षं झाली तरी लावते.

आम्ही आलो ते दोन हजार सालानंतरच्या लाटेत. श्रीनिवास, माझा नवरा, तोयोसुच्या एका उंच काचेच्या इमारतीत बँकेचं सॉफ्टवेअर लिहायचा. त्याच्यासारखे कितीतरी. पुण्याहून, मुंबईहून, चेन्नईहून आलेले, एक बॅग कपड्यांची आणि एक बॅग डाळींची. या वसाहतीच्या इमारतींमध्ये जपानी जामीनदार मागत नसत, म्हणून सगळे इथेच. एकेका मजल्यावर दोन-तीन आपली घरं झाली. सकाळी लिफ्टमध्ये फोडणीचा वास यायचा आणि आम्ही बायका एकमेकींकडे बघून दोषी चेहऱ्याने हसायचो, कारण लिफ्टमधला तिसरा माणूस छताकडे बघत असायचा.

माझ्या शेजारच्या दारात मियाके-सान राहायच्या; 'सान' म्हणजे आपल्याकडचं 'बाई' किंवा 'राव'. साठी ओलांडलेल्या, विधवा, केस अगदी पांढरे आणि आवाज मात्र वीस वर्षांच्या मुलीचा. पहिल्यांदा त्यांनी दारावरची बेल वाजवून "तुमचा कचरा चुकीच्या दिवशी खाली गेलाय" असं सांगितलं, तेव्हा मला वाटलं कोणीतरी रेडिओ लावलाय. मी घाबरून माफी मागितली. त्यांनी चप्पल घातली, माझ्याबरोबर खाली आल्या, पिशवी उघडून जळणारा कचरा वेगळा, बाटल्या वेगळ्या, असं सगळं मला तिथेच उभं राहून शिकवलं. नंतर जपानीही त्यांनीच शिकवलं. दुपारी माझी लेक इरा बालवाडीत असली की मी त्यांच्याकडे जायची. त्या गॅसच्या ज्योतीवर नोरीचं, म्हणजे वाळवलेल्या समुद्री शेवाळाचं, एकेक पान शेकायच्या. समुद्राचा वास घरभर पसरायचा.

"हा वास इथलाच आहे," त्या म्हणायच्या. "तुमची इमारत जिथे उभी आहे ना, तिथे माझ्या वडिलांच्या नोरी वाढवायच्या काठ्या होत्या. पाण्यात."

त्या तरुणपणी निवडणुकीच्या गाडीतल्या आवाज होत्या. अशा बायकांना इथे पक्ष्याच्या नावाने ओळखतात, वसंतात गाणाऱ्या छोट्या पक्ष्याच्या. लग्न झालं, मुलगा झाला, तरी त्या गाडीत बसतच राहिल्या, मग उमेदवार कुठलाही असो. त्यामुळे या भागात कधी कोण निवडून आलं आणि काय बोलून आलं, हे त्यांना तोंडपाठ होतं. माझं जपानी त्यांच्या त्या गोष्टींवर पोसलं. शाळकरी पुस्तकातली वाक्यं मला येत नव्हती, पण 'भरपाई', 'भराव', 'बंधारा' हे शब्द मी पहिल्या वर्षातच शिकले.

आधी इथे कोळी होते. समुद्रात भराव घालायचं ठरलं तेव्हाच्या निवडणुकीत उमेदवार म्हणाले, तुम्हाला समुद्राची पुरेपूर भरपाई मिळवून देतो. त्या निवडून आलेल्यांनी समुद्र बुजवला. मग पुढच्यांनी स्टेशन आणायचं वचन दिलं. स्टेशन आलं. मग बंधारे, कारण हा सगळा भाग पाण्याच्या पातळीखाली आहे आणि वादळ आलं की लोकांची झोप उडते. मग भरावावर इमारती झाल्या आणि उत्तरेकडून, डोंगरातल्या गावांमधून, पोटासाठी आलेली कुटुंबं त्यात राहायला आली.

"तेव्हा मी गाडीतून काय म्हणायचे ठाऊक आहे?" मियाके-साननी एकदा हसत विचारलं. "की, आपल्या जुन्या वस्तीची शिस्त जपा. परगावच्या लोकांना कचरा टाकता येत नाही. मोठ्याने बोलतात. त्यांच्या जेवणाला वास येतो."

"कसला वास?"

"खारवलेल्या माशाचा. आम्ही कोळी आणि आम्हाला माशाचा वास येत होता!" त्या हसून हसून दमल्या. "आणि नंतर लग्न केलं ते त्या परगावच्यांतल्याच एकाशी. तो म्हणायचा, तुझा आवाज मी आधी ऐकला, शिव्या देताना."

मीही हसले होते. तेव्हा वाटलं, ही किती जुनी, किती निरुपद्रवी गोष्ट आहे.

कुरोसे-सानना आमच्याकडे मियाके-साननीच आणलं. पन्नाशीचे, रुंद खांद्यांचे, स्टेशनजवळ तांदळाचं दुकान असलेले, आणि इथल्या नगरपरिषदेचे सदस्य. इथे अख्ख्या भागातून डझनांनी सदस्य एकाच यादीतून निवडले जातात, त्यामुळे ज्याला त्याला आपापल्या चार गल्ल्या तेवढ्या सांभाळायच्या असतात. कुरोसे-सानच्या गल्ल्या आमच्या होत्या. त्यांना आमची मुलं आवडायची, हे मी आजही खोटं म्हणणार नाही. दुकानासमोरून इरा गेली की ते तिला कुरकुरीत तांदळाची बिस्किटं द्यायचे आणि "नमस्ते" म्हणून दोन्ही हात जोडायचे, अगदी कपाळापर्यंत.

वसाहतीच्या रहिवासी मंडळाचा एक हॉल होता, तळमजल्यावर. रविवारी तो रिकामाच असायचा. मी आणि माझी मैत्रीण अपर्णा, दोघींना मुलांसाठी मराठीचा वर्ग काढायचा होता. मुलं भराभर जपानी होत चालली होती. माझी इरा झोपेतसुद्धा जपानी बोलायची. कुरोसे-सान मंडळाचे सल्लागार होते. त्यांनी एका बैठकीत शब्द टाकला आणि रविवारची सकाळ आम्हाला मिळाली. त्या शरद ऋतूत आम्ही पहिल्यांदा त्या हॉलच्या हिरव्या फळ्यावर 'अ' काढला. मुलं चटईवर मांडी घालून बसायची. त्यांना मांडी घालता यायची, कारण इथल्या बालवाडीतही जमिनीवरच बसतात. अपर्णा गाणी शिकवायची, मी अक्षरं. वर्ग सुटला की बायका घरून आणलेले साबुदाण्याचे वडे काढायच्या. कधी कधी हॉलच्या छोट्या ओट्यावर चहा व्हायचा, आलं ठेचून. ते दोन तास मी परदेशात नसायचे.

पुढच्या एप्रिलमध्ये इरा पहिलीत गेली, आणि त्याच एप्रिलमध्ये निवडणूक आली.

कुरोसे-सानच्या गाडीतली ठरलेली मुलगी ऐन वेळी आजारी पडली. त्यांनी मियाके-सानना गळ घातली. मियाके-साननी प्रचाराच्या गाडीत घालायचे पांढरे हातमोजे कपाटातून काढले, धुतले, इस्त्री केले. माझ्या दारात येऊन म्हणाल्या, "मेधा-सान, तुम्हीही चला. रविवारी, पहिल्या दिवशी. कुरोसे-सान म्हणतात, सगळ्यांनी मिळून राहायचं गाव, असं त्यांना दाखवायचंय. तुम्ही दोन वाक्यं बोला."

श्रीनिवासला ते पटलं नव्हतं. "आपलं काय काम त्यांच्या राजकारणात? व्हिसावर आहोत आपण."

"तिकडे पुण्यात आपण मत द्यायचो ना? मग इथे निदान बोलू तरी दे," मी म्हटलं.

"बोल. पण नंतर रडत येऊ नकोस."

त्या रविवारी मी गाडीत बसले. काय सांगू, किती मजा आली! खिडकी खाली केलेली, वारा चेहऱ्यावर, पाकळ्या गाडीत येऊन पडताहेत. पुढे मियाके-सान माइक घेऊन बसलेल्या. त्यांच्या तोंडून कुरोसे-सानचं नाव असं निघायचं की जणू कोणी अंगणात पाणी शिंपडतंय. मी हात हलवत होते. ओळखीची मुलं धावत मागे यायची. मोठ्या दुकानासमोर गाडी थांबली, कुरोसे-सान उतरले, छोटंसं भाषण झालं, आणि माइक माझ्या हातात आला. मी पाठ केलेली वाक्यं म्हटली. मी भारतातून आले. हे आमचं गाव आहे. कुरोसे-साननी आमच्या मुलांना जागा दिली. तुमचा आशीर्वाद त्यांना द्या.

दोन-चार टाळ्या पडल्या. पुढे उभा असलेला एक म्हातारा, सायकलच्या टोपलीत कांद्याची पात घेतलेला, माझ्याकडे बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. त्याने साधा प्रश्न विचारला.

"बाई, तुम्हाला मत आहे का?"

"नाही," मी म्हटलं.

"असं," तो म्हणाला, आणि सायकल ढकलत निघून गेला.

त्या वर्षी एक नवा उमेदवार उभा होता. तरुण, उंच, नीट शिवलेला सूट. तो स्टेशनसमोर रोज सकाळी उभा राहायचा आणि कधीच ओरडायचा नाही. हळू आवाजात बोलायचा, म्हणून लोक थांबून ऐकायचे. तो म्हणायचा, हा हॉल आपल्या आईवडिलांनी वर्गणी काढून बांधला. तिथे आता रविवारी कोण असतं? तिथून तेलाचा वास कसला येतो? आपल्या म्हाताऱ्यांना तिथे बसायला जागा आहे का? तो आम्हाला वाईट म्हणायचा नाही. तो नुसते प्रश्न विचारायचा. मी दूध आणायला जाताना ते ऐकायची आणि पावलं भराभर टाकायची. सोमवारी त्याच्यासमोर थोडे लोक होते. बुधवारी रस्ता अडला होता.

बुधवारीच मियाके-साननी लिफ्टपाशी मला गाठलं. "उद्या परत गाडीत यायचं ठरलंय ना, तर येऊ नका. दमला असाल तुम्ही."

"मी नाही दमले."

"तरीपण," त्या म्हणाल्या आणि लिफ्टचं बटण दाबलं.

शुक्रवारी दुपारी मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. इरा नुकतीच शाळेतून आली होती, नवं लाल दप्तर अजून पाठीवरच. खाली कुरोसे-सानची गाडी वळली. मियाके-सानचा आवाज आला, नेहमीसारखाच मऊ, दोन इमारतींच्या मधल्या पोकळीत घुमणारा. कुरोसे, कुरोसे, तुमच्या गल्लीतले कुरोसे. आणि मग: हॉलचा वापर आधी इथल्या रहिवाशांसाठी. नियम न पाळणाऱ्या परदेशी लोकांबाबत कुरोसे कडक पावलं उचलतील. सुरक्षित, स्वच्छ, शांत वसाहत. कुरोसे, कृपा करून कुरोसे.

मी ओल्या चादरीचं टोक धरून उभी होते. माझं जपानी इतकं चांगलं झालंय हे मला त्या क्षणी पहिल्यांदा कळलं. एकही शब्द निसटला नाही. ते शब्द मला ज्या आवाजाने शिकवले होते, त्याच आवाजात ते खालून वर येत होते.

इराने कठड्याच्या फटीतून खाली हात हलवला. "मियाके-सान!" ती ओरडली. मग माझ्याकडे वळून तिने जपानीत विचारलं, "आई, नियम न पाळणारे परदेशी म्हणजे कोण?"

मी म्हटलं, "हात धुऊन घे."

त्या संध्याकाळी अपर्णाचा फोन आला. ती रडत होती, आणि तिला रडण्याचा राग येत होता. "मी ऑक्टोबरपासून त्या ओट्याची फरशी गुडघ्यावर बसून पुसतेय गं. आणि आम्ही नियम पाळत नाही?"

शनिवारी, शेवटच्या दिवशी, मी स्टेशनसमोर गेले. मुद्दाम. उजेड अजून होता, आकाश जांभळट झालं होतं. कुरोसे-सान गाडीच्या टपावर उभे राहून घसा बसेपर्यंत बोलत होते. बोलून झाल्यावर ते शिडीने खाली उतरले आणि लोकांचे हात हातात घ्यायला लागले. मी रांगेत उभी राहिले. माझ्यासमोर आल्यावर त्यांचा हात थांबला.

"मेधा-सान."

"तुम्हीच हॉल दिला होता," मी म्हटलं. शांत बोलायचं ठरवून गेले होते, पण दोघे-तिघे वळून बघायला लागले. "तुम्हाला माहिती आहे आम्ही काय करतो तिथे. तुम्ही स्वतः येऊन चहा प्यायलात. मग हे काय बोलताय?"

त्यांनी मला दोन पावलं बाजूला घेतलं. घामाने त्यांचा शर्ट पाठीला चिकटला होता. त्यांच्या डोळ्यांत लाज होती, हेही मी बघितलं. पण ते खाली मान घालून पुटपुटले नाहीत. सरळ बोलले.

"तो तरुण माझ्या गल्ल्या खातोय. माझे लोक त्याच्याकडे चाललेत. मेधा-सान, तुमच्या लोकांकडे मतं असती ना, तर मी आज वेगळं भाषण केलं असतं. हे मी खरं सांगतोय."

ते खरंच होतं. खोटं बोलले असते तर भांडता आलं असतं. त्यांनी कमरेत वाकून मला नमस्कार केला, माझ्या मागच्या बाईचा हात हातात घेतला, आणि त्यांचा चेहरा पुन्हा हसरा झाला. गाडीच्या खिडकीतून मियाके-सान बघत होत्या. माइक त्यांच्या मांडीवर होता.

ते निवडून आले. यादीत अगदी तळाशी, पण आले. तो तरुणही आला, बराच वरून.

मियाके-सान मंगळवारी माझ्या दारात आल्या, लाल शेंगांच्या सारणाच्या मिठाईचं खोकं घेऊन. मी त्यांना आत घेतलं. चहा केला. त्या माफी मागतील असं वाटलं होतं. त्यांनी मागितली नाही.

"गाडीत बसलं की आवाज माझा असतो, शब्द नसतात," त्या म्हणाल्या. "पहिल्या दिवसापासून तसंच आहे."

"तुम्ही नाही म्हणू शकला असतात."

"मी नाही म्हटलं असतं, तर दुसरी कोणीतरी बोलली असती. तिने जास्त वाईट म्हटलं असतं. आणि कुरोसे-सान पडले असते, तर तुमच्या बाजूने उभं राहणारं एकही माणूस तिथे उरलं नसतं."

"आणि आता ते निवडून आलेत. आता हॉलचं काय होणार?"

त्यांनी कप बशीत ठेवला. "हॉल जाईल," त्या म्हणाल्या.

आमची मैत्री तुटली नाही. तुटली असती तर बरं झालं असतं, निदान एक काहीतरी स्वच्छ झालं असतं. मला अजून त्यांच्याकडून सरकारी पत्रं वाचून घ्यावी लागायची, त्यांना अजून माझ्याकडून औषधं आणून घ्यावी लागायची. आम्ही एकमेकींकडे जात राहिलो, पण निवडणुकांच्या गोष्टी त्यांनी पुन्हा कधी सांगितल्या नाहीत आणि मीही विचारल्या नाहीत. काही वर्षांनी मुलगा त्यांना आपल्याकडे घेऊन गेला. तिकडेच त्या वारल्याचं कार्ड आलं. मी ते कपाटात ठेवलं. रडू आलं नाही. पण त्यांचा आवाज आठवायचा म्हटलं की नोरी शेकतानाचा आठवत नाही. खालून वर येणारा आठवतो. हे त्यांच्यावर अन्याय करणारं आहे, मला कळतं. पण आठवणीला कोण सांगणार?

हॉल त्याच वर्षी जूनमध्ये गेला. कोणी आम्हाला हाकललं नाही. इथे हाकलत नाहीत. मंडळाचा एक नवा नियम आला: हॉलमध्ये खाद्यपदार्थ आणायचे नाहीत, आणि ज्या गटात जुने रहिवासी नाहीत त्यांनी दर वेळी नव्याने परवानगी मागायची. आम्ही मागितली. त्या रविवारी हॉल आधीच कोणाला तरी दिलेला होता. पुढच्या रविवारीही होता. अपर्णा एकदा मुद्दाम बघून आली. हॉलला कुलूप होतं, आतले पडदे ओढलेले, कोणीही नव्हतं.

मग आम्ही वर्ग घरात घेऊन बघितला. इथल्या घरांच्या भिंती पातळ. मुलांनी एक गाणं म्हटलं की खालच्या मजल्यावरून छताला काठीचे ठोके. वर्ग कधी या घरी, कधी त्या घरी, कधी फुनाबोरीला अपर्णाच्या ओळखीच्यांकडे, असा फिरत फिरत विरत गेला. पुढे मंदी आली, कंत्राटं संपली, अपर्णा मुंबईला परत गेली, अर्धे दरवाजे बदलले. आमचं सगळं 'ट ठ ड ढ ण' पर्यंत येऊन थांबलं होतं. इराला अजूनही तिथपर्यंतची अक्षरं पटकन ओळखू येतात, पुढची अडखळत. बोलते ती, म्हणजे ऐकते मराठी, उत्तर जपानीत देते. मी हे जे आत्ता लिहितेय ते तिला वाचता येणार नाही. मी वाचून दाखवलं तर ती ऐकेल, मान हलवेल, आणि मधेच फोन बघेल.

लोक म्हणतील, एका हॉलसाठी इतकं? हो, एका हॉलसाठीच. कोणी आम्हाला मारलं नाही, कोणी काच फोडली नाही. नुसती रविवारची एक सकाळ काढून घेतली, आणि तीही इतक्या गोड आवाजात की ओरडायचीसुद्धा सोय नव्हती. वर्तमानपत्रात छापून येईल असं त्यात काही नव्हतं. पण एका घरातली भाषा अशाच एखाद्या सकाळबरोबर जाते.

इराने गेल्याच्या गेल्या वर्षी इथलं नागरिकत्व घेतलं. आपला पासपोर्ट परत करावा लागला. त्या दिवशी श्रीनिवास जेवला नाही, इरा मात्र व्यवहारी. "मला इथे घर घ्यायचंय, इथे नोकरी करायचीय, दर वेळी रांगेत उभं राहायचा कंटाळा आलाय," असं म्हणाली. मी तिला अडवलं नाही. मनात कुठेतरी एक दुष्ट आनंदही झाला होता. आमच्या घरात शेवटी एक मत आलं. कुरोसे-सान अजूनही उभे राहतात, म्हातारे झालेत, केस गेलेत. त्यांना आता एक मत कमी पडेल, आणि ते मत माझ्या पोटचं असेल. असं काहीबाही मी मनात जुळवत होते.

गुरुवारी ती ऑफिसला जाता जाता आधीच मत देऊन आली. इथे तशी सोय असते. संध्याकाळी भाजी चिरत होती तेव्हा मी विचारलं, जरा हलकंच, "मग? कोणाला लिहिलंस?"

"कुरोसे," ती म्हणाली.

माझ्या हातातली वाटी ओट्यावर आपटली. "इरा, तुला माहितीय त्यांनी काय केलं. तुला मी सगळं सांगितलंय."

"मलाही आठवतंय आई. मी गॅलरीतच होते." सुरी थांबवून ती माझ्याकडे वळली. ती सहसा मराठीत बोलत नाही, पण त्या दिवशी माझ्यासाठी बोलायला लागली, शब्द शोधत. "यादी बघितलीस तू? एक जण उघड म्हणतो, परदेशी लोकांना घर देऊ नका. तो तेव्हाचा तरुण, तो आता खूप मोठा पुढारी झालाय, तोही तेच म्हणतो, फक्त हळू. बाकीच्यांना मी ओळखत नाही. कुरोसे निदान पाळणाघराचं बोलतात. मग मी कोणाला लिहू? तुझा राग कागदावर लिहू?"

"मग नसतंस लिहिलं कोणाला."

"म्हणजे तुझ्यासारखंच झालं असतं," ती म्हणाली. मग तिला वाटलं आपण जास्त बोललो, म्हणून तिने परत सुरी उचलली आणि जपानीत म्हणाली, "मत म्हणजे एवढंच असतं, आई. तुला इतकी वर्षं वाटलं काहीतरी मोठं असतं."

मी रागावले तिच्यावर, दोन दिवस नीट बोलले नाही. पण रागावताना मला मियाके-सानची ती मंगळवारची दुपार आठवत होती, त्यांनी बशीत ठेवलेला कप आठवत होता. माझी मुलगी जे म्हणाली, ते त्यांनी मला आधीच सांगितलेलं होतं. तेव्हा मला ते ऐकायचं नव्हतं. आजही नाही.

काल संध्याकाळी मी स्टेशनवरून घरी येत होते. प्रचाराचा शेवटचा तास. सगळे उमेदवार एकाच चौकात, एकमेकांच्या भोंग्यांवर ओरडत. कुरोसे-सान गाडीच्या टपावर चढले नव्हते, आता त्यांना शिडी चढवत नसावी. खालीच उभे होते, काठीच्या आधाराने, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला वाकून नमस्कार करत होते. मी मान खाली घालून कडेने निघाले होते. त्यांनी मला बघितलं. ओळखलं नाही. ओळख पटल्याची एकही रेघ चेहऱ्यावर नव्हती. त्यांना दिसली ती एक वयस्क भारतीय बाई, हातात पिशवी घेतलेली. आता आपल्यातले बरेच जण इथले नागरिक झालेत, चेहऱ्यावरून काही कळत नाही. ते काठी सावरत माझ्यासमोर आले आणि पूर्ण कमरेतून वाकले, अगदी खाली, मला त्यांच्या डोक्यावरचे डाग दिसेपर्यंत.

"शेवटची विनंती आहे," ते म्हणाले. "तुमचं बहुमोल मत मला द्या."

मला खूप काही बोलता आलं असतं. माझं जपानी आता चांगलं आहे. मागून लोक येत होते, कुरोसे-सान अजून वाकलेलेच होते.

"हो," मी म्हटलं.

त्यांनी मान वर केली आणि अगदी मनापासून माझे आभार मानले.